टॅम्पॉन पहिल्यांदा वापरताना: कुठे दुखतं आणि कधी दुखतं, ते आधी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय वीस, पाळी नियमित, पोहायला शिकते आहेस आणि पाळीच्या दिवसांत खाडा होऊ नये म्हणून टॅम्पॉन, म्हणजे योनिमार्गात घालायची, रक्त शोषून घेणारी कापसाची गुंडाळी, आणलेस. पहिल्या दोन वेळा तो जरासा आत गेला आणि पुढे ‘भिंत लागली’. तिसऱ्यांदा तू दातओठ खाऊन ढकललास, तो गेला, पण बसलं की टोचत राहिला. तासाभराने काढायला गेलीस, तर घालताना दुखलं त्याहून जास्त दुखलं. मैत्रीण म्हणाली, सवयीने होईल. आणि सगळ्यात शेवटी तू विचारलंस, ‘माझी जागाच लहान आहे का? माझ्यात काही दोष आहे का?’

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, पण क्वचितच सरळ येतो. मुलगी दुसरंच काहीतरी दाखवायला आलेली असते आणि निघताना, दाराशी पोचल्यावर हळूच विचारते. तू नीट, क्रमाने लिहिलं आहेस, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं आहे. तुझ्या लिहिण्यात एक तक्रार नसून तीन आहेत: आत जाताना अडतो, आत गेल्यावर टोचतो, बाहेर काढताना ओढ बसते. तिन्हीची कारणं वेगवेगळी असतात. ‘सवयीने होईल’ हे उत्तर तिन्हीवर एकच औषध देतं, म्हणून मला ते पटत नाही. टॅम्पॉन घालताना दुखणं ही सहन करून पार करायची गोष्ट नाही. दुखणं कुठे आहे आणि कोणत्या क्षणी आहे, यावरून काय चुकतंय ते बहुतेक वेळा कळतं.

तपासल्याशिवाय मी काही गोष्टी ठामपणे सांगू शकत नाही, त्या कोणत्या तेही पुढे येईल. पण तुझ्या वर्णनावरून सर्वात जास्त शक्यता ही दिसते की दिशा चुकते आहे, स्नायू आवळले जात आहेत, आणि टॅम्पॉन तुझ्या रक्तस्रावाच्या मानाने मोठा आहे. तिन्ही सुधारता येण्यासारखं आहे.

आधी दिशेचं बघू, कारण ‘भिंत लागली’ म्हणणाऱ्या बहुतेक मुलींची अडचण तिथेच असते. आपण उभ्या असतो तेव्हा योनिमार्ग सरळ वर, डोक्याच्या दिशेने जात नाही. तो तिरका मागे, कमरेच्या खालच्या भागाकडे, माकडहाडाच्या वरच्या बाजूला जातो. पण मनातलं चित्र सरळ वर जाणाऱ्या नळीचं असतं, त्यामुळे टॅम्पॉन सरळ वर ढकलला जातो आणि त्याचं टोक योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीवर जाऊन टेकतं. त्या भिंतीच्या पलीकडे लघवीची नळी आणि मूत्राशय आहे. म्हणून अशा वेळी ‘लघवीच्या जागी दुखलं’, ‘पुढे काहीतरी कडक लागलं’ असं वाटतं. ती भिंत खरीच आहे, पण ती वाटेच्या शेवटची नसून बाजूची आहे. टॅम्पॉनचं टोक कमरेकडे वळवलं की तोच टॅम्पॉन, त्याच जागेतून, सरकतो.

योनिमार्ग ही उघडी पोकळी नसते, हेही लक्षात ठेव. रिकाम्या कापडी पिशवीच्या बाजू जशा एकमेकींना टेकलेल्या असतात, तशा त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती टेकलेल्या असतात आणि आत काही गेलं की बाजूला होतात. त्याची लांबी साधारण 7 ते 10 सेंटीमीटर असते, आणि त्याला ताणाच्या वेळी वाढता येतं. टॅम्पॉन साधारण बोटाएवढा जाड असतो. ‘जागा लहान आहे’ ही भीती मी फार ऐकते, पण खरोखरच अरुंद जागेमुळे टॅम्पॉन जात नाही असं क्वचित घडतं. आवळलेली जागा मात्र लहानच वाटते, आणि तो दुसरा मुद्दा.

योनिमुखाच्या आत, पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरच्या आसपास, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू योनिमार्गाला दोन्ही बाजूंनी वेढतात. लघवी रोखून धरताना किंवा गॅस आवरताना आपण हेच स्नायू आवळतो. भीती वाटली, दुखेल असं वाटलं, घाई झाली, की ते आपल्याला न विचारता आवळले जातात. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, तितकंच ते आपोआप घडतं. पहिल्यांदा दुखलं की दुसऱ्या वेळी शरीर आधीच सावध असतं, त्यामुळे ते जास्त आवळतं, म्हणून जास्त दुखतं. तू तिसऱ्या वेळी जोर लावलास तेव्हा या आवळलेल्या स्नायूंतून टॅम्पॉन ढकललास. तो गेला, पण पुढच्या वेळेसाठी शरीराला एक वाईट अनुभव देऊन गेला. म्हणूनच माझा पहिला नियम असा की जोर लावायचा नाही. अडलं की थांबायचं, दिशा बदलून बघायची, तरीही अडलं तर त्या दिवशी सोडून द्यायचं.

हे स्नायू ढिले सोडता येतात, पण ‘रिलॅक्स हो’ म्हटल्याने कुणाचेच ढिले होत नाहीत. त्याला युक्ती लागते. आधी ते मुद्दाम आवळ, लघवी रोखल्यासारखे, चार-पाच सेकंद. मग सोड. सोडल्यावर खाली जे उतरल्यासारखं, पसरल्यासारखं वाटतं, ती जाणीव ओळखून ठेव. आवळल्याशिवाय ढिलं म्हणजे काय ते कळत नाही. दुसरं, श्वास छातीत न घेता पोटात घे. पोट फुगेल असा सावकाश श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा खाली येतो आणि त्याबरोबर तळाचे स्नायूही थोडे खाली उतरतात. श्वास रोखून, जबडा घट्ट मिटून प्रयत्न करणाऱ्या मुलीचे खालचे स्नायूही घट्टच असतात. मी तपासताना आधी चेहरा बघते. कपाळावर आठी आणि ओठ मिटलेले असतील तर हात लावायची घाई करत नाही. तूही आरशात तेच बघ.

टॅम्पॉन हातात घेण्याआधी बोटाने ओळख करून घे, असं मी जवळजवळ सगळ्यांना सांगते. काहींना हे अवघड वाटतं, घाण वाटतं, चुकीचं वाटतं. तुला नको असेल तर सक्ती नाही. पण ज्या मुली हे करतात त्यांचं पुढचं काम खूप हलकं होतं, कारण दिशा शब्दांत समजावणं वेगळं आणि स्वतःच्या बोटाला कळणं वेगळं. हात धू, नखं कापलेली असू देत, खाली हातआरसा धर. बाहेरचे आणि आतले ओठ बाजूला केलेस की वर लघवीचं बारीकसं छिद्र असतं, ते कित्येकदा दिसतही नाही. त्याच्या खाली योनिमुख. त्याच्याही मागे, थोडं अंतर सोडून गुदद्वार. बोटाला पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट जेल लावून ते सावकाश आत ने, टोक कमरेकडे. पहिल्या पेरापाशी स्नायू आवळून बघ. बोटाभोवती पकड बसलेली जाणवेल. सोड, पकड सैल झालेली जाणवेल. आणखी आत भिंती मऊ, ओलसर, थोड्या वळ्यांच्या लागतात. बोट पुरेसं लांब असेल तर टोकाला नाकाच्या शेंड्याइतकं टणक असं काहीतरी लागेल, ते गर्भाशयमुख. त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की त्यातून टॅम्पॉन पलीकडे जाऊच शकत नाही. ‘आत हरवला तर?’ या भीतीचं उत्तर तुझ्या बोटाला तिथेच मिळतं.

आता दिवस कोणता आणि टॅम्पॉन कोणता. सराव पाळी नसताना करू नकोस. कोरड्या जागेत कोरडा कापूस घासतो, आणि तो अनुभव मनात बसतो. पाळीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी अंगावर कमी जातं, तेही नको. ज्या दिवशी सर्वात जास्त जातं, साधारण दुसरा दिवस, तो निवड. रक्तच तेव्हा वंगणाचं काम करतं. त्याच दिवशी पोहायला जायचंय, रिक्षा खाली उभी आहे, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय, असं नको. घरी, कुठेही जायचं नसताना, हातात वेळ असताना कर.

आकार सर्वात बारीक घे. टॅम्पॉनच्या पाकिटावर ‘लाइट’, ‘रेग्युलर’, ‘सुपर’ असं लिहिलेलं असतं किंवा थेंबांची चित्रं असतात. हे माप तुझ्या वयाचं किंवा शरीराचं नसून शोषून घेण्याच्या क्षमतेचं आहे. अमेरिकेतल्या मापांप्रमाणे लाइट 6 ग्रॅमपर्यंत, रेग्युलर 6 ते 9 ग्रॅम आणि सुपर 9 ते 12 ग्रॅम शोषतो. पुष्कळ जणी ‘गळायला नको’ म्हणून पहिल्याच वेळी सुपर आणतात. तुझ्याकडे कोणता आहे ते तू लिहिलेलं नाहीस, पण काढताना ज्या प्रकारे दुखलं त्यावरून मला तीच शंका आहे. सुगंधी टॅम्पॉन अजिबात नको, त्या सुगंधाने आतली नाजूक त्वचा चिडते.

अ‍ॅप्लिकेटरचा, म्हणजे आत ढकलायच्या नळीसकट येणारा, घ्यावा की बोटाने घालायचा, हे आवडीवर आहे. गुळगुळीत प्लास्टिकचा, टोकाला गोलाई असलेला अ‍ॅप्लिकेटर नवख्या मुलीला सहसा सोपा जातो. पुठ्ठ्याचा थोडा खरखरीत लागू शकतो. बोटाने घालायचा टॅम्पॉन आकाराने लहान असतो आणि बोटाला दिशा कळते, हा त्याचा मोठा फायदा. बोटाची ओळख आधी करून घेतली असेल तर मी तोच सुचवते.

स्थिती म्हणशील तर कमोडवर गुडघे फाकवून बसणं, एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहणं, उकिडवं बसणं किंवा पाठीवर झोपून गुडघे वर घेणं, यांतलं काहीही चालतं. ज्यांचे स्नायू घट्ट होतात त्यांना मी झोपून सुरुवात करायला सांगते, कारण उभं राहिलं की पाय आणि पोट शरीराचं वजन सांभाळण्यात गुंततात.

बोटाने घालायचा असेल तर असं कर. हात धुऊन कोरडे कर. वेष्टन काढून दोरी एकदा ओढून बघ, घट्ट बसलेली असली पाहिजे. दोरीच्या बाजूचं बूड जरा पसरलंस की तिथे बोट टेकवायला खळगा होतो. टोकाला थोडं जेल लाव. पाण्यात मात्र बुडवू नकोस, तो आधीच फुगेल. पेट्रोलियम जेलीही नको, तेलकट थराने शोषण कमी होतं. दुसऱ्या हाताने ओठ बाजूला कर, टोक योनिमुखाशी टेकव, आणि तिथेच थांब. स्नायू आवळ, सोड, पोटात श्वास घे, आणि ते सैल असतानाच कमरेच्या दिशेने सरकव. अर्धा आत गेला की बोट बुडाशी ठेवून आणखी सरकव, बोटाचं मधलं पेर आत जाईपर्यंत. इथेच बहुतेक जणी लवकर थांबतात. बोट बाहेर काढ, दोरी बाहेर लोंबती राहू दे.

अ‍ॅप्लिकेटरमध्ये दोन नळ्या असतात, बाहेरची जाड आणि आतली बारीक. बाहेरच्या नळीवर जिथे खाचा किंवा उंचवटे असतात तिथे अंगठा आणि मधलं बोट धर. ती नळी आत ने, तीच तिरकी दिशा, जोपर्यंत ही दोन बोटं शरीराला टेकत नाहीत तोपर्यंत. मग तर्जनीने आतली नळी पूर्ण दाब, आणि दोन्ही नळ्या एकत्र बाहेर ओढ. बरीच फसगत इथे होते. दुखेल म्हणून मुली बाहेरची नळी जेमतेम सेंटीमीटरभर आत नेतात आणि लगेच दाबतात. टॅम्पॉन बाहेर पडतो तो नेमका त्या स्नायूंच्या कड्यात.

तुझं ‘बसलं की टोचतो’ हे त्यामुळेच असण्याची दाट शक्यता आहे. योनिमार्गाच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात स्पर्शाची जाणीव भरपूर असते, आतल्या भागात ती खूपच कमी. स्नायूंच्या पलीकडे पोचलेला टॅम्पॉन बसताना, चालताना, पायऱ्या चढताना जाणवत नाही. तो जाणवतोय याचा अर्थ तो पुरेसा आत नाही. मुलींचा कल उलट असतो. टोचतोय म्हणजे फार आत गेला, असं वाटून त्या तो थोडा बाहेर ओढतात आणि अधिक टोचतो. पुढच्या वेळी टोचला तर स्वच्छ बोटाने तो आणखी सरकवून बघ. नाही जमलं, तर काढ आणि नवा घाल. टोचणारा टॅम्पॉन घालून दिवस काढू नये.

काढण्याबद्दल कुणीच सांगत नाही. पाकिटातल्या घडीच्या कागदावरही घालण्याची चित्रं चार आणि काढण्याबद्दल एखादं वाक्य असतं. टॅम्पॉन आत गेल्यावर रक्त शोषून फुगतो. पूर्ण भिजलेला टॅम्पॉन सुळकन निघतो. अर्धवट भिजलेला मात्र कोरड्या भागाने भिंतींना धरून ठेवतो आणि ओढला की सोलपटल्यासारखं दुखतं. तू तासाभरात काढलास, म्हणजे तो बराचसा कोरडाच असणार. पुढच्या वेळी काढल्यावर त्याच्याकडे नीट बघ. तीन-चार तासांनंतरही त्याचा बराच भाग पांढरा असेल, तर तो तुझ्या स्रावासाठी जास्त क्षमतेचा आहे, एक पायरी खाली ये. काढताना कमोडवर बस, स्नायू आवळून सोड, शौचाला करतो तसा हलकासा जोर खाली दे आणि दोरी पुढे-खाली, आत गेलेल्याच तिरक्या रेषेत, सावकाश ओढ. घाबरून आवळलंस तर भिजलेलाही अडतो. दोरी सापडत नसेल तर उकिडवी बस, बोटाने बाजूने चाचपड. ती बहुधा आत दुमडलेली असते.

आता जिथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, तिथे येते. योनिमुखाच्या कडेने एक पातळ, ताणला जाणारा पडदा असतो, त्याला योनिपटल म्हणतात. पटल म्हटल्यामुळे पुष्कळांना वाटतं की ते झाकणासारखं असतं. तसं असतं तर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? सहसा ते कडेने असलेल्या झालरीसारखं, मध्ये मोकळं असतं, आणि वयात येताना मऊ, लवचीक होतं. टॅम्पॉन बहुतेकींमध्ये त्याला न दुखावता जातो. काहींमध्ये थोडं ताणलं जातं, क्वचित बारीक चीर पडून दोन-चार थेंब रक्त येतं. त्याने आरोग्याचं काहीही बिघडत नाही.

तू कंसात घाबरत लिहिलं आहेस, ‘याने कौमार्य जातं का?’ नाही. कौमार्य ही शरीरातली तपासून सापडणारी गोष्टच नाही. पटलाचा आकार प्रत्येकीत जन्मतः वेगळा असतो, त्यावरून शरीरसंबंध झाला की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क व महिलांविषयीच्या संस्थांनी 2018 मध्ये एकत्र निवेदन काढून अशा तपासण्या बंद करायला सांगितलं, ते याच कारणाने. हे तुला पाठ असावं असं मला मनापासून वाटतं, कारण ही भीती घेऊन बाथरूममध्ये उभी असलेली मुलगी स्नायू सैल सोडणार तरी कशी?

पण काही मुलींमध्ये हे पटल जन्मतः वेगळ्या घडणीचं असतं. एखादीच्या योनिमुखावर मधोमध उभी पट्टी असते आणि एकाऐवजी दोन छोटी तोंडं होतात. अशा वेळी बारीक टॅम्पॉन एका बाजूने आत जातो, फुगतो, आणि काढताना त्या पट्टीत अडकतो. घालताना ठीक आणि काढताना जीव जाणं, तेही पूर्ण भिजलेला असताना, ही त्याची खूण आहे. म्हणून तुझ्या काढतानाच्या दुखण्याबद्दल मी ‘कोरडा होता’ एवढ्यावर विषय सोडून देत नाही. लाइट टॅम्पॉन, चार तास, पूर्ण भिजलेला, तरीही तसंच दुखलं, तर आरशात बघ आणि दाखवून घे. एखादीचं छिद्र फारच बारीक असतं, एखादीचं चाळणीसारखं असतं. काहींमध्ये योनिमार्गाच्या आतही उभा पडदा असतो. मग टॅम्पॉन नीट बसूनही बाजूने रक्त येत राहतं. योनिपटलाची पट्टी काढणं ही छोटी शस्त्रक्रिया असते, आतल्या पडद्यासाठी मात्र आधी नीट तपासणी लागते. यांपैकी कशातही मुलीची चूक नसते.

दुसरी शक्यता अशी की सगळं बरोबर केलं तरी स्नायू ऐकतच नाहीत. बोटाचं टोक टेकलं तरी मांड्या मिटतात, जळजळतं, दरदरून घाम फुटतो. याला व्हजायनिस्मस म्हणतात. हा हट्ट नाही आणि नाटकही नाही, आणि यावर चांगला उपचार आहे: ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत गुळगुळीत डायलेटर, म्हणजे आत घालायच्या बोटासारख्या कांड्या, देऊन सावकाश सवय केली जाते, भीतीवर बोललं जातं. अशा मुलीला ‘थोडं सहन कर’ म्हणणं म्हणजे तिचा त्रास वाढवणं. बधिर करणारं मलम लावून टॅम्पॉन घालण्याचा सल्ला तुला कुणी दिला तर स्वतःच्या मनाने तो घेऊ नकोस, कारण चुकीची दिशा आणि अडकलेली पट्टी सांगणारी जाणीवच त्याने बंद होते. खाज, दुर्गंधी, दह्यासारखं पांढरं जाणं असेल तर आधी त्या संसर्गावर उपचार घे. सुजलेल्या जागेत काहीही घातलं तरी दुखणारच.

एखादीला पहिल्यांदा घालताना घेरी येते, कानात गुणगुण होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेने रक्तदाब क्षणभर उतरल्यामुळे होतं. अशा वेळी आडवं पडायचं, पाय वर घ्यायचे. पहिल्या वेळी उभ्याऐवजी झोपून किंवा बसून सुरुवात करण्याचं हेही एक कारण.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट सवडीने वाच. टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा आजार होऊ शकतो. तो दुर्मीळ आहे, पण जिवावर बेततो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जिवाणूंच्या काही जाती विष तयार करतात, ते रक्तात शिरतं. 1980 मध्ये अमेरिकेत याची मोठी लाट आली आणि फार जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनशी तिचा संबंध आढळला, म्हणून एका कंपनीचा टॅम्पॉन बाजारातून काढून घ्यावा लागला. क्षमतेची मापं ठरवून पाकिटावर छापण्याची सक्ती त्यानंतर आली. म्हणून गरजेपुरता लहान टॅम्पॉन, दर चार ते आठ तासांनी बदल, आठ तासांपेक्षा जास्त कधीच नाही. रात्री नऊ तास झोपणार असशील तर पॅड वापर. पाळी नसताना, पांढरं जातंय म्हणून, टॅम्पॉन घालू नकोस. टॅम्पॉन वापरताना किंवा वापरल्यानंतर लगेचच्या दिवसांत अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, चक्कर, अंग मोडून येणं असं झालं, तर टॅम्पॉन काढ आणि थेट इस्पितळ गाठ, आणि ‘मी टॅम्पॉन वापरत होते’ हे सांग. ते सांगितलं नाही तर साधा ताप समजून वेळ जाऊ शकतो.

पोहण्यापुरतं सांगायचं तर पाण्यात उतरण्याआधी नवा घाल, दोरी पोहण्याच्या कपड्यात आत सरकव, आणि बाहेर आल्यावर बदल, कारण दोरी पाण्याने भिजते आणि भिजलेली दोरी मांड्यांना घासत राहते. लघवीसाठी काढावा लागत नाही, लघवीची वाट वेगळी आहे; दोरी बाजूला धरली की झालं. शौचाच्या वेळी कधी कधी तो खाली सरकतो, तेव्हा सरळ बदलून टाक. वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात, कमोडमध्ये नाही. नवा घालण्याआधी जुना काढलाय ना, याची खात्री कर. विसरून राहिलेला टॅम्पॉन काही दिवसांनी घाण वासाच्या तपकिरी स्रावाने कळतो. आम्ही तो चिमट्याने काढतो, त्याला एखादं मिनिट लागतं. अशी बाई आली की ती लाजेने अर्धमेली झालेली असते आणि आठवडाभर यायचं टाळलेलं असतं. तुझ्यावर ती वेळ आली तर त्याच दिवशी ये.

आता तुझ्यासाठी पुढच्या पाळीचा बेत. जास्त जाणाऱ्या दिवशी, घरी, लाइट टॅम्पॉन, जेल, झोपून किंवा कमोडवर, टोक कमरेकडे. एका दिवसात दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा नाही. खरचटलेल्या जागी पुन्हा पुन्हा घासलं की ती जागा दुसऱ्या दिवशीही दुखते. गेला आणि जाणवला नाही, तर चार तास राहू दे, मग काढून त्याचा रंग बघ. दोन-तीन पाळ्या असं नीट करूनही आत जाताना अडत असेल, किंवा भिजलेला काढतानाही तसंच दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मोठा टॅम्पॉनही दर तासा-दोन तासाला पूर्ण भिजत असेल, तर मात्र थांबू नकोस, तो जास्त रक्तस्राव आहे आणि त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलायचं, हे आधी कागदावर लिहून ने. ‘टॅम्पॉन जमत नाही’ एवढंच म्हणालीस तर ‘मग पॅड वापर’ हे उत्तर मिळू शकतं. त्याऐवजी सांग की दुखतं ते तोंडाशी की आत, पुढच्या बाजूला की मागच्या, घालताना की काढताना, जळजळतं की ओढ बसते, आणि काढलेला टॅम्पॉन किती भिजलेला होता. शरीरसंबंध आलेला नाही, हे तुला सांगावंसं वाटलं तर सांग, त्यावरून तपासणीची पद्धत ठरवता येते. बाहेरून बघणं आणि गरज पडल्यास एका बोटाने हलकं तपासणं, एवढ्यात बहुतेक गोष्टी कळतात. आत बघण्यासाठी घालतात ते धातूचं उपकरण नको असेल तर तसं म्हणायचा तुला हक्क आहे. मध्येच ‘थांबा’ म्हणायचाही. सोबत कुणी हवं असेल तर आत घेऊन जा, एकटीने बोलायचं असेल तर सोबतच्या व्यक्तीला बाहेर बसवायला डॉक्टरांना सांग.